रंगाखालचा गंज

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. माणसाच्या अब्रूच्या बाबतीत ही म्हण खरी असेल; मोटारीच्या पत्र्याच्या बाबतीत मात्र ती सपशेल खोटी ठरते. पत्र्यावरचा गंज जितका झाकावा तितका तो आतून पसरतो आणि एके दिवशी वरच्या चकचकीत रंगासकट गळून पडतो. ज्यांच्या घरी जुनी मोटार अजून नांदते आहे, त्यांच्यासाठी हा विषय निव्वळ शोभेचा नाही. म्हणूनच आज त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

अशी घरे आपल्यांत अजूनही आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी असो की पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याहून आलेली अँबॅसडर, ती दारात येण्यासाठी एके काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी घेतलेल्या त्या गाडीतून बहिणीची पाठवणी झालेली असते, आजीला कुलदेवतेच्या दर्शनाला नेलेले असते. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले, अँबॅसडरचे २०१४ मध्ये. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. ज्यांच्याकडे या गाड्या उरल्या आहेत, त्यांचा जीव त्यांत अधिकच गुंतला असल्यास नवल नाही. परंतु गाडी जपणे ही हौस असली, तरी तीत मुलाबाळांना बसवून रस्त्यावर नेणे ही जबाबदारी असते. गंजाचा प्रश्न नेमका या दोहोंच्या सीमेवर उभा असतो.

पत्रा हाच सांगाडा

मालमोटारीला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी तुळयांची भक्कम चौकट असते आणि वरचा साटा तिच्यावर बोल्टांनी बसविलेला असतो. तेथे एखादा पत्रा कुजला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. पद्मिनी व अँबॅसडर यांची रचना निराळी आहे. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पट्टे, दारांमधले खांब आणि छप्पर हे सर्व एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असते, आणि ते सारे मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. जुन्या बजाज चेतकचे अंगही असेच घडीव पत्र्याचे आहे.

या पत्र्याची जाडी ती किती? सुमारे १ मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहूनही कमी. त्याला बळ येते ते आकारामुळे. कागदाची सपाट पट्टी उभी राहत नाही, पण तिचीच नळी केली तर ती भार सोसते. दारांखालचे पट्टे म्हणजे अशाच नळ्या होत. नळीची एक बाजू गंजाने खाल्ली की उरलेल्या तीन बाजूंना फारसा अर्थ राहत नाही. म्हणून मडगार्डाला पडलेले भोक डोळ्यांना खुपते, पण दारांखालच्या पट्ट्याला पडलेले भोक जिवावर बेतू शकते. सर्वसाधारण मालक नेमके उलट करतो. दिसणाऱ्या मडगार्डावर पैसा ओततो आणि न दिसणारा पट्टा तसाच ठेवतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार.

गंज म्हणजे काय

लोखंड खाणीतून निघते ते प्राणवायूशी संयोग पावलेल्या रूपात. गोव्याच्या खाणींवरून येणारी तांबडी धूळ आम्हां गोमंतकीयांच्या चांगल्या परिचयाची आहे. भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून माणूस त्यातला प्राणवायू काढून घेतो आणि लोखंड मिळवितो. गंजणे म्हणजे त्या लोखंडाने संधी मिळताच पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे वळणे. या परतीच्या प्रवासाला पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला गंज चढण्याचा वेग वाढतो, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून कितीतरी वर असते.

त्यात मीठ मिसळले की विचारावयास नको. गंजणे ही क्रिया मुळात लहानशा विद्युत्घटासारखी असते. पत्र्याचा एक ठिपका विरघळत राहतो आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या ठिपक्यावर पाणी व प्राणवायू यांच्याशी संयोग पावतात. खाऱ्या पाण्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो, त्यामुळे ही क्रिया भराभर होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून पत्रा सदा दमट ठेवते. ग्वाल्हेर किंवा इंदूर येथील गाडी जितकी टिकते तितकी पणजीची किंवा कारवारची टिकत नाही, याचे कारण हेच.

गंजाचा दुसरा दुर्गुण असा की, ज्या लोखंडापासून तो झाला त्याहून तो कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि तरीही सच्छिद्रच राहतो. ॲल्युमिनियमवर धरणारे पुट आतल्या धातूचे रक्षण करते. लोखंडावरचा गंज मात्र पापुद्र्यांनी सुटतो आणि दर वेळी खालचे नवे लोखंड उघडे पाडतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज तर फुगून त्या पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो.

मग दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर कसा उभा राहिला? त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे, आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटाचे पातळ, घट्ट कवच तयार झाले, असे संशोधकांना आढळून आले आहे. इंदूरकडील वाचकांनी धारच्या लाट मशिदीच्या आवारातील लोहस्तंभाचे तुकडेही पाहिले असतील. मोटारीच्या पत्र्याला असे वरदान नसते. तथापि हे फॉस्फेटाचे कवच आपण त्याला अल्प प्रमाणात देऊ शकतो. ते कसे, हे पुढे येईल.

तो दडतो कोठे

गंज पाणी साचते तेथे बसतो, आणि पाणी साचते ते डोळ्यांआड. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने व वाळक्या पानांनी बुजली की काचेवरून आत उतरलेले पाणी दारातच राहते. चाकांवरच्या कमानीत चिखल घट्ट बसतो आणि पावसाळा सरला तरी आतून ओला असतो. पुढच्या काचेभोवतीचे रबर कडक झाले की पाणी थेट पायांखालच्या पत्र्यावर उतरते आणि तेथील जाड गालिचा ते स्पंजासारखे धरून ठेवतो. बॅटरीच्या तळाशी आम्लाचे थेंब पडून पत्रा खातात. डिकीत राखीव चाकाखालचा खोलगट भाग, मागच्या दिव्यांभोवतीचे रबर आणि दारांखालचे पोकळ पट्टे ही त्याची आणखी आवडती ठिकाणे.

तपासणीला फारशी सामग्री लागत नाही. एक विजेरी, एक लहान लोहचुंबक आणि लाकडी मुठीचा जाड स्क्रू-ड्रायव्हर पुरे. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो नीट धरत नाही, तेथे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. नंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला पत्रा तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द बोलतो. रंगाला बारीक फोड आलेले दिसले, तर आत गंजाने घर केले आहे आणि बाहेर दिसतो तो त्याचा केवळ उंबरा, हे ओळखावे.

आमच्या घरची पद्मिनी १९८६ सालची, आधीच्या मालकाकडून घेतलेली. चुंबकाच्या या परीक्षेत तिच्या डाव्या दाराखालच्या पट्ट्याची हातभर लांबी नापास झाली. मिस्त्रींनी तेथील रंग खरवडला तेव्हा आत बोटभर जाडीची पुट्टी, तिच्या मागे तारेची जाळी आणि जाळीच्या मागे कोंबलेली वर्तमानपत्रे निघाली. कागदाचा तो बोळा कित्येक पावसाळ्यांचे पाणी पिऊन बसलेला होता. वरून रंग मात्र नव्या नवरीसारखा. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण कोणा मोटार-मिस्त्रीनेच प्रथम उच्चारली असावी, असे त्या दिवशी आम्हांला वाटून गेले.

उपचाराच्या तीन पायऱ्या

गंज वरवरचा असेल तर काम घरीही होण्यासारखे आहे. तो भाग साबणाने धुऊन, तेलकटपणा थिनरने पुसून घ्यावा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत घासावा आणि शेवटी १८० नंबरचा हात फिरवावा. घासताना गंजाच्या ठिपक्यापुरतेच थांबू नये. सभोवार चांगला रंग लागेपर्यंत जावे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून धूळ गाळणारा मास्क व डोळ्यांना चष्मा हवाच, आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. उघड्या पत्र्यावर नंतर फॉस्फोरिक आम्लाचे तयार द्रावण लावावे. ते उरलासुरला गंज विरघळविते आणि मघाशी सांगितलेले लोह-फॉस्फेटाचे पातळ पुट मागे ठेवते. बाटलीवरील सूचनेप्रमाणे ते पुसून वा धुऊन पत्रा पूर्ण कोरडा करावा आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. आपल्या हवेत उघडा पत्रा एक रात्र राहिला तरी सकाळी त्यावर तांबूस छटा आलेली असते. दोन भाग मिसळून लावण्याचा इपॉक्सी प्रायमर पाणी अडविण्यात साध्या रेड ऑक्साइडपेक्षा सरस असतो. प्रायमर कोणताही असो, त्यावर रंग न चढविता गाडी पावसात काढू नये. बहुतेक प्रायमर पाणी शोषतात.

दुसरी पायरी खड्डे पडलेल्या गंजाची. येथे पॉलिश पेपर खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तारेच्या ब्रशाने व अणकुचीदार हत्याराने सुटे पापुद्रे काढून टाकावेत आणि घट्ट धरलेल्या उरल्या गंजावर गंजरूपांतरक लावावे. या द्रावणांपैकी अनेकांत टॅनिक आम्ल असते. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग होतो, हे आपल्याकडील जुन्या रंगाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. हिरड्यातील टॅनिन लोहाशी संयोग पावून काळे व न विरघळणारे पुट बनविते. बाटलीतले द्रावणही तेच करते. मात्र ते सुट्या पोपड्यांवर लावून उपयोग नाही, कारण पोपडा निघाला की औषधही त्याच्याबरोबर निघते.

तिसरी पायरी आरपार भोकांची, आणि ती जाणत्या मिस्त्रींचीच. येथे एकच नियम आहे: कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाकावयाचा. मग पुठ्ठ्याचा नमुना काढून त्याबरहुकूम त्याच जाडीच्या पत्र्याचे ठिगळ कापतात आणि वेल्डिंगने बसवितात. सलग डाग दिला तर उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होतो. म्हणून एक टाका येथे, दुसरा समोर, असे थोडे थोडे थंड होऊ देत जावे लागते. दारांखालचा पट्टा कापण्यापूर्वी गाडीला खालून योग्य जागी आधार देऊन दारे नीट बसतात ना, हे पाहणे अत्यावश्यक असते. नाहीतर गाडी मधोमध किंचित खचते आणि त्या स्थितीतच जोडली जाते. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडविणे, गालिचे व आसने काढणे, जवळपासची पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवणे आणि वाळूची बादली हाताशी ठेवणे, यांत कसूर नको. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते.

सांध्यांवर सीलर, त्याखाली-वर प्रायमर, आणि मग पुट्टी. पुट्टी वाईट नव्हे. पृष्ठभागाची दोन-तीन मिलिमीटरची उंचसखलता भरून काढणे हे तिचे काम. भोक बुजविणे हे तिचे काम नाही. शेवटी पोकळ भागांत आतून मेणाचा किंवा घट्ट तेलाचा फवारा मारावा, कारण बाहेरून दिलेला रंग आतल्या बाजूला पोहोचत नाही. तळाला डांबरी लेप देण्याची पद्धत सर्रास आहे. स्वच्छ व प्रायमर दिलेल्या पत्र्यावर तो उत्तम. गंजावर दिला तर मात्र तो ओलावा आत कोंडून ठेवतो आणि पुढील नाश कोणाला दिसू देत नाही.

मिस्त्रींशी बोलताना

पत्रा हाताने घडविणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत. नव्या मोटारींचा भाग बिघडला की तो सबंध बदलतात. जुन्या गाडीला मात्र हातोडी आणि ऐरण यांची भाषा जाणणारा माणूसच हवा. असा माणूस भेटल्यास त्याच्याशी रुपया-आठ आण्यांची घासाघीस करू नये. करार मात्र स्पष्ट असावा. कामाचे टप्पे पाडून पैसे द्यावेत, आणि एक अट आवर्जून घालावी: पुट्टीचा हात फिरण्यापूर्वी उघडा पत्रा आम्ही स्वतः पाहणार. प्रामाणिक कारागिराला या अटीचा राग येत नाही, उलट आपले काम कोणी पाहणार आहे याचा त्याला आनंदच होतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडून गाडी गोडीगुलाबीने परत आणावी.

काळही नीट निवडावा. आपल्या किनारपट्टीवर तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. हवा त्या मानाने कोरडी असते आणि रंग नीट वाळतो. चवथीला गाडी दारात नवीकोरी दिसावी म्हणून श्रावणात रंगकाम उरकणे म्हणजे ओलावा पैसे देऊन आत कोंडणे होय.

पाण्याला वाट

आमच्या मिस्त्रींचा एक सिद्धान्त आहे. पाणी गाडीत कोठून शिरते याचा शोध सारेच घेतात; ते बाहेर कोठून जाते हे कोणी पाहत नाही, असे ते म्हणतात. विचार केला तर संपूर्ण गंजनिवारण या एका वाक्यात येते. पावसाळ्याच्या तोंडावर दारांची व पट्ट्यांची छिद्रे बारीक काडीने मोकळी करावीत. चाकांच्या कमानींतील चिखल पाण्याने आतून धुऊन काढावा. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आल्यावर गाडीचा वरचा भाग धुण्यापूर्वी तळ गोड्या पाण्याने धुवावा. पायांखालचे गालिचे महिन्यातून एकदा उचलून उन्हात टाकावेत. दगडाचा टवका उडालेल्या जागी त्याच आठवड्यात रंगाचा ठिपका द्यावा. आणि प्लॅस्टिकच्या आवरणात गाडी घट्ट गुंडाळून पावसाळाभर ठेवू नये. ओलावा आतच राहतो. वारा खेळता असलेली साधी पडवी त्याहून शतपटीने बरी.

इतके करूनही एक प्रश्न उरतोच: गाडी ठेवावी की नाही? मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी होऊन ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. हा कागद मिळाला म्हणजे गाडी निर्दोष झाली, असे मात्र मानू नये. पट्ट्याखाली जॅक लावताच पत्रा आत दबत असेल, गाडी उचलल्यावर दारे लागेनाशी होत असतील, किंवा स्प्रिंगा व चाकांचे दांडे जेथे जोडलेले असतात तेथील पत्राच भुसभुशीत झाला असेल, तर सांगाडाच ढासळू लागला आहे. तो पुन्हा उभारणारे कारागीर असतात, पण खर्च गाडीच्या किमतीच्या अनेकपट होतो. ज्यांना तो झेपतो त्यांनी तो अवश्य करावा. ज्यांना झेपत नाही, त्यांनी रंगाचा नवा हात मारून त्याच गाडीतून नातवंडांना शाळेत पोहोचवू नये. वडिलांची आठवण त्यांच्या गाडीच्या पत्र्यात नसते. तिची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर टांगली तरी ती जपली जाते.

पण बहुतेक गाड्यांची वेळ अजून गेलेली नसते. दुखणे वेळीच दिसले तर उपचार सोपा आणि स्वस्त, हे पत्र्याच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. येत्या रविवारी पायांखालचा गालिचा उचलावा आणि खालच्या पत्र्यावर उघडा तळहात ठेवावा. तो कोरडा लागला तर गालिचा उन्हात टाकून निश्चिंत व्हावे. ओला लागला तर रंगाच्या दुकानाची वाट धरू नये. आधी पाण्याची वाट शोधावी.